"आता या वयात तुला काय करायचंय?" : आईची सही, आईचा हिस्सा आणि आईचं मत

एका लेकीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात. वडील जाऊन दोन महिने झालेत, आई ६८ वर्षांची, गावाकडे घर आणि थोडी शेती, शहरात वडिलांच्या नावावर एक फ्लॅट. मृत्युपत्र नाही. भावाने हक्कसोडपत्र (मी माझा हिस्सा सोडते असा नोंदणीचा कागद) तयार करून आणलंय आणि आईने व बहिणीने त्यावर सही करावी असं सगळ्या नातेवाइकांचं म्हणणं आहे. आई म्हणते "मला आता काय करायचंय, देऊन टाकू". बँकेतला माणूस आईच्या खात्याबद्दल भावाशी बोलतो, डॉक्टर आईच्या दुखण्याबद्दल भावाशी बोलतात, आणि लेकीने तोंड उघडलं की "तुलाच वाटा हवा असेल" हे ऐकावं लागतं. प्रश्न असा की आईशी असं वागतात ते तिच्या वयामुळे की ती बाई आहे म्हणून, आणि आता करायचं काय.

मी जिल्हा कोर्टात वकिली करते, वाटपाचे दावे आणि ज्येष्ठांचे प्रांताकडचे (उपविभागीय अधिकाऱ्याकडचे) अर्ज हेच रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लांब होणारे पण कृपया पूर्ण वाचा. घाईत असाल तर आधी एवढंच, आत्ता कुठेही सही करू नका आणि आईलाही करू देऊ नका, निदान तिने तो कागद एकटीने शांतपणे समजून घेईपर्यंत तरी. वारस नोंद करायला हक्कसोडपत्र लागत नाही, कोणी तसं सांगत असेल तर ते चूक आहे. दोन महिने थांबल्याने कोणाचं काहीही बुडत नाही.

आता वय की बाईपण. माझ्या मते दोन्ही एकत्र, आणि ते ओळखायची एक साधी पारख आहे जी मी प्रत्येक केसमध्ये लावून बघते. समजा आई आधी गेली असती आणि वडील मागे राहिले असते, वय तेच, गुडघे तसेच दुखतायत, ऐकू तेवढंच कमी येतंय. तेराव्यानंतर कोणी त्यांच्यापुढे कागद ठेवला असता का की तुम्ही तुमचा हक्क सोडा म्हणून? नसता ठेवला. उलट "अण्णा आहेत तोवर विषय नको काढायला" असं म्हणाले असते. त्याच वयाचा पुरुष घरातला कर्ता राहतो आणि बाई मात्र नवरा गेल्याच्या दिवसापासून मुलाच्या आधारावर आहे असं धरलं जातं, मग ती आयुष्यभर शेतात राबलेली असो की शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली असो. आणि तरुण विधवा असती तर निदान "तिचं पुढं कसं होणार, तिच्या नावावर काहीतरी ठेवा" असं बोलणारा एखादा मामा तरी निघतो. म्हाताऱ्या विधवेसाठी तसा मामा नसतो, तिचं पुढं काही उरलंच नाही असं गृहीत असतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांची हीच अवस्था असते, त्यांची सही सगळ्यांना पाहिजे असते आणि त्यांचं मत मात्र कोणी विचारलेलं नसतं.

हे फक्त घरात चालतं असंही नाही हो, नियमातसुद्धा आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला जुना आहे पण मला तो नेहमी आठवतो. नियम असा होता की ३५ वर्षांची झाली, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली, यातलं जे आधी होईल ते, आणि ३५ नंतर मुदत वाढवायची की नाही ते मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष ५८ पर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा यांच्या केसमध्ये १९८१ साली सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट काढली, मर्जीवरची मुदतवाढही काढली, म्हणजे तब्येत ठीक असेल तर ४५ पर्यंत नोकरी, पण पुरुषांच्या कितीतरी आधी निवृत्ती आणि लग्नाची अट राहू दिली. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाला तेव्हा त्यात वावगं दिसलं नाही. आत्ताचं बघा, लाडकी बहीण योजना २०२४ साली आली, त्यात वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं, महिना १५०० रुपये. पासष्टी ओलांडली की बाई त्यातून बाहेर. मग तिने श्रावणबाळ योजनेत जायचं, तिथे पैसे तेवढेच पण उत्पन्नाची अट किती, तर वर्षाला २१ हजार. म्हणजे काल जी बाई मदतीला पात्र होती ती एक वाढदिवस झाला की अपात्र ठरते, तिची गरज त्या दिवशी वाढलेली असते खरंतर, औषधं वाढलेली असतात आणि मजुरीला कोणी बोलवत नसतं.

विधवेचा मान काढून घेण्याच्या प्रथा आणि मालमत्तेतून नाव काढणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही. ज्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, नातवाच्या लग्नात पुढे उभं करायचं नाही, तिला बैठकीत का विचारतील? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मला तो ठराव फार मोलाचा वाटतो. फक्त माझी इच्छा अशी की गावोगाव असे ठराव करताना त्यात अजून एक ओळ घालावी, नवरा गेल्यावर तीन महिन्यांच्या आत त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर लावून द्यायचं म्हणून.

आता तुमच्या आईचा हिस्सा. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरून सांगते, मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांना नियम वेगळे आहेत. वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांना समान, म्हणजे एक तृतीयांश. वडिलांची आई हयात असेल तर तीही समान वारस, चौघांत वाटणी. शेती वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांच्या हयातीत वाटणी झाली असं कल्पून हिशेब करतात, त्यात आपल्याकडच्या जुन्या मुंबई शाखेच्या हिंदू कायद्याप्रमाणे आईला मुलाएवढा वाटा मिळतो, म्हणजे चौघांना चौथा चौथा हिस्सा, आणि मग वडिलांचा चौथा हिस्सा पुन्हा तिघांत. बेरीज केली तर पुन्हा प्रत्येकी एक तृतीयांशच येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाएवढा वाटा देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला आणि वडील त्या तारखेला हयात असोत नसोत तो मिळतो हे २०२० साली विनीता शर्मा केसमध्ये पक्कं झालंय, त्यामुळे तुमच्या नावाबद्दल वाद नाही. पण मी इथे आईबद्दल बोलतेय, कारण मुलीच्या हक्काबद्दल आता निदान चर्चा तरी होते, आईच्या हक्काचं कोणी नावच घेत नाही.

आईला हे दोन्ही हिस्से मिळतात हे ठरलं कसं माहितीये? एका विधवेमुळेच, आणि तीही आपल्या सांगलीच्या कोर्टातली. हिराबाई मगदूम. नवरा खंडाप्पा १९६० साली गेला, मागे दोन मुलगे, तीन मुली आणि ही. हिने सांगलीच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावला, एक मुलगा विरोधात, म्हणणं की वाटणी आधीच झालीये. खालच्या कोर्टाने तिला चोवीसावा हिस्सा दिला, म्हणजे फक्त नवऱ्याच्या वाट्यातला तुकडा. तिने ते मान्य केलं नाही, हायकोर्टात गेली, तिथे सात चोवीसांश मिळाला, तिचा स्वतःचा चौथा हिस्सा अधिक नवऱ्याच्या हिश्शातला चोवीसावा. मुलाने सुप्रीम कोर्टात अपील केलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने तिचंच म्हणणं कायम ठेवलं. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं. त्या काळी त्या बाईला गावाने काय काय ऐकवलं असेल, पोटच्या पोराला कोर्टात खेचलं म्हणून, याची मला कल्पना करता येते कारण माझ्या अशिलांना आजही तेच ऐकवतात. पण आज देशभर विधवेचा हिस्सा काढताना वकील हिराबाईंच्या केसचा आधार घेतात. तुमच्या आईला ही गोष्ट सांगा, कायद्याची कलमं सांगण्यापेक्षा ही लवकर पोचते असा माझा अनुभव आहे.

आता त्या कागदाकडे येऊ. हक्कसोडपत्र घरातल्या घरात करायला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, काही शे रुपयांत आयुष्यभराचा हक्क जातो. दुय्यम निबंधक कार्यालयात जाता तेव्हा फोटो काढतात, अंगठा घेतात, ओळखणारे दोन साक्षीदार असतात, पण बाईंनी मसुदा वाचलाय का, त्यांना त्याचा अर्थ कळलाय का, घरी कोणी दबाव टाकलाय का हे बाजूला घेऊन विचारणारं कोणी नसतं, आणि बाहेर गाडीत मुलगा बसलेला असताना विचारून उपयोगही नसतो. एकदा नोंदवलं गेलं की मग ते रद्द करायला दिवाणी दावा, त्याची मुदत साधारण तीन वर्षं, आणि फसवणूक झाली किंवा दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी बाईवर. सत्तरीतल्या बाईला हे पेलत नाही हो, तारखांना यायलाच जमत नाही.

"ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यात परत मिळतं" असं पुष्कळ जण सांगतात. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, त्यात कलम २३ आहे, बरोबर. पण त्यात मेख आहे. मालमत्ता देताना "मला सांभाळायचं, मूलभूत सोयी द्यायच्या" ही अट असली आणि ती मोडली तरच ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. २०२२ साली रामती देवी या आईची केस सुप्रीम कोर्टात गेली, तिनेही हक्कसोडपत्रच करून दिलं होतं, मुलींच्या नावे, आणि कोर्ट म्हणालं की सांभाळायची अट होती हे दिसत नाही, त्यामुळे रद्द करता येणार नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित या मध्य प्रदेशातल्या आईच्या केसमध्ये कोर्टाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला, तिच्याकडे मुलाने सांभाळेन असं लिहून दिलेला कागद होता, बक्षीसपत्र (मोबदला न घेता मालमत्ता देऊन टाकल्याचा कागद) रद्द झालं आणि ताबाही परत द्यायला लावला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की एकच गोष्ट कळते, लिहिलेलं होतं म्हणून दुसरी आई वाचली. आपल्याकडे आई मुलाकडून असं लिहून घेणं म्हणजे अविश्वास समजतात, "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं". पण मुलगा आईकडून लिहून घेतोच आहे ना, तेही नोंदणी करून.

म्हणून माझा सल्ला, आणि यात मी फार ठाम आहे, आई हयात असेपर्यंत राहतं घर आईच्या नावावरून हलवायचं नाही. तिला मुलालाच सगळं द्यायचं असेल तर देऊ दे, तो तिचा अधिकार आहे, पण मृत्युपत्राने द्यावं. मृत्युपत्र तिच्यानंतर लागू होतं, ती कधीही बदलू शकते, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, मी मात्र या वयात नोंदणी करा आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा असंच सांगते. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आईचा आयुष्यभर राहण्याचा आणि भाड्याचा हक्क राखून, आणि सांभाळायची अट स्पष्ट शब्दांत घालून. आणि ज्यांना मूलबाळ नाही अशा आत्या, मावशा घरात असतील त्यांना तर आजच मृत्युपत्र करायला सांगा, कारण हिंदू विधवा मूल नसताना मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ताही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या माहेरच्यांकडे नंतर. सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बाईच्या पैशाबद्दलसुद्धा २००९ साली सुप्रीम कोर्टाला हेच म्हणावं लागलं कारण कायदा तसाच लिहिलाय. पुरुषाच्या बाबतीत त्याची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीने. बाईच्या बाबतीत नाही.

मुखत्यारपत्राचंही सांगते. "आई, बँकेची कामं करायला सोपं जाईल" म्हणून मुखत्यारपत्र करून घेतात आणि आत विक्रीचा अधिकार घातलेला असतो. कामापुरतं करा, विशिष्ट कामाचं करा, विक्रीचा अधिकार देऊ नका.

सातबारा आजच ऑनलाइन काढून बघा. वारस नोंदीत मुलाचं नाव कब्जेदार म्हणून आणि आईचं, बहिणींचं नाव "इतर हक्क" या रकान्यात, असं मी इतके वेळा बघितलंय. इतर हक्कात नाव म्हणजे नाव आहे असं वाटतं, बाई निर्धास्त राहते, पण व्यवहार करताना, कर्ज काढताना, पीकविमा घेताना कब्जेदारालाच विचारतात. फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याची) नोटीस येते तेव्हा हरकतीला १५ दिवस असतात, ती नोटीस गावाकडच्या घरी येते आणि भावाच्या हातात पडते, म्हणून तलाठ्याला तुमचाही पत्ता आणि मोबाईल लेखी द्या. फ्लॅटचं, भाऊ नॉमिनी असला तरी तो मालक होत नाही, सोसायटी त्याला फार तर तात्पुरता सभासद करून घेईल पण वारसांचा हक्क तसाच राहतो, सोसायटीला आत्ताच लेखी कळवून ठेवा की वारस तीन आहेत.

बँक. इथे वय आणि बाईपण एकदम दिसतं. काउंटरवर बाई स्वतः उभी असते, पासबुक तिचं, आणि पलीकडचा माणूस मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघून म्हणतो, यांचं केवायसी राहिलंय. हे फक्त वागणं म्हणून सोडून देऊ नका, त्याचे परिणाम होतात. सगळ्यात पहिलं हे बघा की आईच्या खात्याला मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय. दहातल्या बऱ्याच घरांत मुलाचा किंवा नातवाचा असतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, फॅमिली पेन्शन जमा झाल्याचं आईला तिसऱ्याकडून कळतं, आणि एटीएम कार्ड तर "तुला कुठे जमतंय" म्हणून आधीच काढून घेतलेलं. आईला स्वतःचा नंबर घेऊन द्या, साधा बटणांचा फोन चालतो, तो खात्याला जोडा. धुणीभांडी, शेती, विड्या वळणं यात बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीनवर अंगठा उमटत नाही मग पैसे अडकतात आणि "आजींनाच जमत नाही" असा शेरा मिळतो. आधार केंद्रात बोटांचे ठसे पुन्हा अपडेट करून घ्या, डोळ्यांचंही होतं, आणि पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहऱ्याने पण देता येतो.

डॉक्टरांबद्दल थोडंच बोलते, माझा विषय नाही. पण "वयाप्रमाणे चालायचंच" हे वाक्य बायकांना जेवढं ऐकावं लागतं तेवढं पुरुषांना नाही. अंग बाहेर येणं, लघवीवर ताबा न राहणं असली दुखणी बायका वर्षानुवर्षं कोणाला सांगतच नाहीत, मुलासमोर तर नाहीच, आणि तपासायच्या खोलीत मुलगा बसलेला असतो. बायकांना हार्ट अटॅक येतो तेव्हा पुष्कळदा नुसता दम लागणं, मळमळ, प्रचंड थकवा, पाठ किंवा जबडा दुखणं असंही असतं आणि ते पित्त म्हणून परतवलं जातं. तुम्ही सोबत असाल तेव्हा डॉक्टरांना सरळ म्हणा, आईला विचारा, ती सांगेल. ऑपरेशनची संमती, बाई शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असेल तर, तिचीच लागते.

आता समजा भाऊ नाराज झाला आणि आईचे हाल सुरू झाले. २००७ च्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, आईचं वय ६० च्या आत असलं तरी आई म्हणून अर्ज चालतो, ती स्वतः करू शकत नसेल तर तिने सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. ९० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायदा म्हणतो, अपवाद म्हणून अजून ३० दिवस, प्रत्यक्षात जास्त लागतात, पाठपुरावा करा. महिना जास्तीत जास्त १० हजार रुपये मिळू शकतात, आणि हे लक्षात घ्या की मुलीचीही जबाबदारी तेवढीच आहे, म्हणून अर्जातच लिहा की मी माझा वाटा द्यायला तयार आहे, मग "हिला फक्त वाटा पाहिजे" या बोलण्यात दम राहत नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, खोलीत कोंडणं, फोन काढून घेणं असलं काही असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आईलाही लागू होतो. तो फक्त सुनांसाठी आहे असा समज पोलिसांतही आहे. आई मुलाविरुद्ध अर्ज करू शकते, आणि २०१६ साली मुंबईच्या हिरल हरसोरा केसमध्ये तक्रार "प्रौढ पुरुषा"विरुद्धच करता येते ही कायद्यातली अट सुप्रीम कोर्टाने काढून टाकल्यापासून घरातल्या बाईविरुद्धही करू शकते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. म्हातारी बाई तक्रार घेऊन चौकीत गेली की पहिलं वाक्य येतं, "सासू-सुनेचं भांडण आहे, घरी जाऊन मिटवा". हाल मुलगा करत असतो, पैसे मुलाने काढलेले असतात, घर मुलाच्या नावावर झालेलं असतं, आणि केस मात्र दोन बायकांच्या भांडणाची होते, मुलगा त्यातून अलगद बाजूला. तुम्हीही वहिनीला पुढे करून बोलू नका. बहुतेक घरांत त्या वहिनीच्या नावावरही काही नसतं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती आज आई बसलीये त्याच जागी बसणार असते. २०२० साली सुप्रीम कोर्टाने एस. वनिता केसमध्ये सांगितलंय की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेला तिच्या राहत्या घरातून सरसकट बाहेर काढता येत नाही, तो आणि कौटुंबिक हिंसाचाराचा असे दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतात. मला तो निकाल योग्य वाटतो. आईचं नाव उताऱ्यावर राहिलं तर वहिनीला उद्या स्वतःसाठी मागायला तोंड राहील.

"आईच म्हणते देऊन टाकू" याचं काय करायचं? ती असं म्हणते त्यात भीती असते, मुलाकडेच राहायचंय, लेक सासरी, भांडण झालं तर जायचं कुठे, सहा महिने याच्याकडे सहा महिने त्याच्याकडे फिरवलेल्या बायका तिने गावात बघितलेल्या असतात. शिवाय आयुष्यभर स्वतःसाठी मागितलेलं नसतं, त्यामुळे मागणं तिला लाजिरवाणं वाटतं. तिच्यावर तुम्हीही जोर करू नका. भाऊ सही कर म्हणून मागे लागलाय आणि तुम्ही सही करू नको म्हणून, असं झालं तर तिला परत कोणी विचारलंच नाही. तिला एकटीला वकिलाकडे घेऊन जा आणि तुम्ही बाहेर बसा. मी माझ्याकडे आलेल्या बायकांना मालमत्तेबद्दल पहिल्यांदा विचारतच नाही, विचारते की तुम्हाला राहायचंय कुठे, महिन्याला हातात किती पैसे असले की बरं वाटेल, आजारी पडलात तर कोणी जवळ असावं असं वाटतं. उत्तरं येतात हो, अगदी स्पष्ट येतात, एकीने सांगितलं होतं की मला माझ्या चुलीची खोली पाहिजे आणि दाराची किल्ली माझ्याकडे पाहिजे, बाकी सगळं पोराला द्या. मग तसाच कागद केला, खोली आणि किल्ली दोन्ही त्यात लिहून.

फी ची काळजी असेल तर करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, प्रत्येक जिल्हा कोर्टात आणि तालुक्यालाही कार्यालय आहे, १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही द्या. जाताना वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा आणि आठ अ (शेतीचा खातेउतारा), फ्लॅटचा करार, शेअर सर्टिफिकेट, पासबुकं आणि भावाने आणलेल्या मसुद्याची कॉपी न्या. मूळ मसुदा भावाकडे राहू दे, त्याला एवढंच सांगा की आई वाचतेय, वाचून झालं की ती स्वतः काय ते सांगेल.